८ जीबी की १६ जीबी? ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी खळ्याचा हिशेब

भाचा अमळनेरहून सकाळच्या गाडीने जळगावला आला तो थेट गोलाणी मार्केटला जायच्या तयारीनेच. खिशातल्या चिठ्ठीवर एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांच्या दोनच ओळी होत्या. आरटीएक्स ५०६० टीआय, ८ जीबी. आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबी. "मामा, नाव तेच आहे, मग जास्तीच्या ८ जीबीनं गेम दुप्पट पळतो का?" तेवढ्यात ताईचा फोन आला, "इतला पैसा कसाले लागस रे भाऊ?" दोघांचेही प्रश्न रास्त होते. म्हणून बाजारात जायच्या आधी आम्ही दोन तास घरीच बसलो. त्या बसण्यात जे बोलणं झालं तेच इथे सविस्तर लिहितो आहे. पहिल्यांदाच कार्ड घेणाऱ्याचा पैसा चुकीच्या जागी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

खळं आणि मळणी यंत्र

कार्डावरची चिप म्हणजे मळणी यंत्र आणि कार्डावरची मेमरी म्हणजे खळं. दादर ज्वारीची कणसं खळ्यावर येऊन पडलेली असतात आणि यंत्र ती ओढून घेत असतं. खळं दुप्पट केलं म्हणून यंत्र काही दुप्पट दाणे पाडत नाही. पण खळं लहान असेल तर निम्मी कणसं शेतातच पडून राहतात. यंत्राला पुढचा माल हवा झाला की बैलगाडी जोडा, बांधावरून शेतात जा, भरून आणा. तोवर यंत्र रिकामं फिरतं.

गेममध्ये नेमकं हेच होतं. कार्डाची मेमरी भरली की उरलेला माल कॉम्प्युटरच्या रॅममध्ये ठेवावा लागतो आणि तिथून मदरबोर्डाच्या स्लॉटमधून पुन्हा पुन्हा ओढून आणावा लागतो. आकडे पाहा. ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी माल चिपला पुरवते. तेच कार्ड जुन्या मदरबोर्डावर, पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या स्लॉटमध्ये लावलं, तर रॅमकडून येणारा रस्ता सेकंदाला जेमतेम ८ जीबीचा. म्हणून मेमरी भरल्यावर गेम थोडा मंद होत नाही, तो खटके खात चालतो. गाडी वळवली की अर्धा सेकंद चित्र थिजतं, किंवा समोरची भिंत चिखलाने सारवल्यासारखी दिसते आणि थोड्या वेळाने तिच्यावर विटा उमटतात.

म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, दुप्पट पळत नाही. ८ जीबीत मावणारा गेम दोन्ही कार्डांवर जवळपास सारखाच चालतो. जो मावत नाही तो एका कार्डावर चालतो आणि दुसऱ्यावर अडखळतो.

या खळ्यावर सगळ्यात जास्त जागा कोण अडवतं? लोकांना वाटतं स्क्रीनचं रिझोल्यूशन. १०८० पिक्सेलच्या स्क्रीनचं एक चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, सगळे मिळून सुमारे ८ एमबी. अशी बरीच मधली चित्रं गेम एकाच वेळी बाळगतो, तरी खरा माल म्हणजे टेक्स्चर, वस्तूंवर चढवलेली कातडी. ४०९६ गुणिले ४०९६ आकाराचं एकच टेक्स्चर कच्चं ६४ एमबी भरतं आणि दाबून बसवलं तरी साधारण १६ एमबी. एका भिंतीला रंगाचं एक, उठावाचं एक, चमकेचं एक अशी दोन-तीन लागतात. मग दगड, गवत, कपडे, चेहरे असा सगळा बाजार मांडायचा. त्यावर रे ट्रेसिंग चालू केलं की प्रकाशाच्या हिशेबासाठी वेगळी जागा जाते, फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन चित्रांमध्ये कार्डाने स्वतः रचलेलं जादा चित्र घालायची सोय, चालू केलं की आणखी जाते.

आणि एक गोष्ट बाजारात कोणी सांगत नाही. टेक्स्चरची सेटिंग 'हाय'वर नेल्याने चिपवर फारसा भार येत नाही. मेमरीत जागा असेल तर हे देखणेपण जवळपास फुकट मिळतं. जास्त मेमरीचा खरा फायदा मला इथेच दिसतो.

पहिलं काम: स्वतःचे गेम कागदावर लिहा

दुकानात जायच्या आधी तुम्ही सध्या खेळता ते आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत खेळायची इच्छा आहे ते गेम लिहून काढा. शेजारी मॉनिटरचं रिझोल्यूशन लिहा.

यादीत व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक २, माइनक्राफ्ट, इम्युलेटरवरचे मोबाइल गेम आणि जुना जीटीए ५ एवढंच असेल आणि मॉनिटर १०८० चा असेल, तर ८ जीबीत तुमचं सुखाने भागतं. अशा माणसाने १६ जीबीच्या मागे लागू नये. उरलेल्या पैशात बरा मॉनिटर घ्यावा किंवा रॅम ८ ची १६ करावी. रॅमची एकच ८ जीबीची काडी असलेल्या कॉम्प्युटरमध्ये महागडं कार्ड टाकणं मला पटत नाही. कारण कार्डाची मेमरी भरली की माल जिथे उतरवायचा, तिथेही जागा नसते.

यादीत सायबरपंक २०७७ सारखे मोठ्या शहरांचे, कथा असलेले, रे ट्रेसिंगचे गेम असतील तर मात्र चित्र बदलतं. त्याचं कारण कन्सोलमध्ये आहे. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये सगळी मिळून ८ जीबी मेमरी होती. बरीच वर्षं मोठे गेम त्या मापाने बेतले जायचे, म्हणून ८ जीबीचं कार्ड श्रीमंत वाटायचं. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी आली. जुन्या कन्सोलसाठी गेम काढणं कंपन्यांनी कमी केलं तसं माप वाढलं आणि ८ जीबीवाल्यांना टेक्स्चर एक-दोन पायऱ्या खाली आणायची वेळ आली. मॉनिटर १४४० चा असेल आणि असे गेम खेळायचे असतील, तर नवीन कार्ड घेताना १२ जीबीच्या खाली उतरू नका.

दुसरं काम: नाव पूर्ण वाचा, नुसता जीबीचा आकडा नको

इथे माझीच एक गोष्ट सांगतो. २०१५ मध्ये जीटीए ५ पीसीवर आला तेव्हा मी साठवलेले पैसे घेऊन कार्ड घ्यायला गेलो. दुकानदाराने जीटी ७३० पुढे केलं. खोक्यावर ठळक '४ जीबी' छापलेलं. मित्राने त्याच आठवड्यात जीटीएक्स ७५० टीआय घेतलं होतं, ते २ जीबीचं. मी घरी आलो तो आपलं कार्ड दुप्पट भारी आहे या समजुतीत. रात्री त्याच्याकडे गेम बघितला. समुद्रकिनाऱ्याचा रस्ता, पाण्यावर ऊन, सगळं सुळसुळीत. माझ्याकडे तोच रस्ता सगळ्यात खालच्या सेटिंगवर तुकड्या-तुकड्याने सरकत होता.

कारण मला फार उशिरा कळलं. माझ्या कार्डावर होती साधी डीडीआर३ मेमरी, ६४ बिटच्या बसवर (बस म्हणजे मेमरी आणि चिप यांच्यामधला रस्ता), सेकंदाला १४.४ जीबी. त्याच्याकडे जीडीडीआर५, १२८ बिट, सेकंदाला ८६.४ जीबी. सहापट. शिवाय त्याच्या चिपमध्ये ६४० कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे भाग, माझ्यात ३८४. म्हणजे माझं खळं मोठं, पण यंत्र छोटं आणि कणसं टाकणारे हातही कमी. त्या खळ्याचा अर्धा भाग कायम मोकळाच राहिला. पैसे घरच्यांचे होते, म्हणून ते अजून लागतं. आजही अशी 'जास्त जीबी'ची जुनी कार्डं दुकानात आणि ऑनलाइन विकली जातात, आणि नवखा मुलगा खोक्यावरचा आकडाच बघतो.

म्हणून खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर चार गोष्टी शोधा: चिपचं पूर्ण नाव, मेमरी किती, मेमरीचा प्रकार आणि वेग, आणि बस किती बिट. बसच्या बिटला ८ ने भागा आणि मेमरीच्या वेगाने गुणा, की सेकंदाला किती जीबी ते निघतं. ४०६० टीआयचं उदाहरण: १२८ भागिले ८ म्हणजे १६, गुणिले मेमरीचा वेग १८ (खोक्यावर जीबीपीएस), म्हणजे २८८. हा हिशेब दुकानात उभ्याउभ्या मोबाइलवर होतो.

सारख्या नावाखाली वेगळा माल असतो, तिथेही जपा. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबीवाल्या कार्डात कोअरही कमी होते, ११५२, आणि ६ जीबीवाल्यात १२८०. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीचं कार्ड १२८ बिटचं, ६ जीबीचं ९६ बिटचं आणि कोअरनेही कमी. आरटीएक्स ३०६० पहिल्यांदा १२ जीबीचं आलं, १९२ बिटचं; मागून आलेलं ८ जीबीचं १२८ बिटचं. या जोड्यांमध्ये लहान मेमरीचं कार्ड घेतलं की खळ्याबरोबर यंत्राचा दम किंवा त्याला माल पुरवणारे हातही कमी होतात. याउलट ४०६० टीआय, ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी या तिन्हींत ८ आणि १६ जीबीवाल्या कार्डांची चिप तीच आहे. बसही तीच, १२८ बिटची. फरक फक्त जागेचा.

भाच्याने इथे चांगला प्रश्न विचारला, "मग मधलं १२ जीबीचं का नाही काढत?" मेमरीची एकेक चिप ३२ बिटच्या वाटेने जोडलेली असते. १२८ बिट म्हणजे चार वाटा. या कार्डांवर २ जीबीच्या चिपा असतात, म्हणून चार दुणे आठ. १६ करायचे तर प्रत्येक वाटेवर दोन-दोन चिपा बसवतात, चार पुढे आणि चार बोर्डाच्या पाठीमागे. १९२ बिटच्या कार्डाला सहा वाटा, म्हणून तिथे १२ सहज जमतात. इंटेलचं आर्क बी५८० असंच १९२ बिटचं, १२ जीबीचं कार्ड आहे.

जास्त मेमरीचं कार्ड घेणं चुकतं कधी? जेव्हा त्याच पैशात किंवा थोड्या जास्तीत बरीच दमदार चिप मिळत असते तेव्हा. ४०६० टीआय १६ जीबीचं आणि ४०७० १२ जीबीचं. आकड्यावर गेलात तर पहिलं घ्याल, पण ४०७० ची चिप मोठी, बस १९२ बिटची आणि तिची मेमरी सेकंदाला ५०४ जीबी पुरवणारी. १२ जीबीत मावणाऱ्या गेममध्ये ४०६० टीआय तिच्या बरोबरीला येत नाही. चिप आधी ठरवा आणि त्या चिपच्या दोन मापांतलं कुठलं हा प्रश्न त्यानंतर हाती घ्या.

तिसरं काम: मदरबोर्डाचा स्लॉट

आपल्याकडे बहुतेक मुलं जुन्याच कॉम्प्युटरमध्ये नवं कार्ड बसवतात, म्हणून हे महत्त्वाचं. ४०६० टीआय आणि ५०६० टीआय ही कार्डं आठच लेन, म्हणजे स्लॉटमधल्या माल वाहायच्या वाटा, वापरतात. नव्या बोर्डावर त्याने अडत नाही. पण बी४५० सारख्या पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या बोर्डावर ८ जीबीचं कार्ड भरून वाहायला लागलं की गाडरस्ता अरुंद पडतो आणि खटके जास्त बसतात. ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्याला रस्ता दुप्पट रुंद मिळतो. जुना बोर्ड असणाऱ्याला मी म्हणेन, एक तर १६ जीबीचं घ्या म्हणजे रस्त्याची गरजच कमी पडेल, किंवा सोळा लेनचं कार्ड बघा. आर्क बी५८० घेणार असाल तर बोर्डाच्या बायॉसमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ सेटिंगमध्ये, रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम हाताळू देणारी) ही सोय आहे ना, हे आधी तपासा. तिच्याशिवाय ते कार्ड फार मागे पडतं.

चौथं काम: मोजून बघा

आज घरात कुठलंही कार्ड असेल, किंवा मित्राकडे तुम्हाला हवं तेच असेल, तर अर्धा तास गेम खेळा. अर्धा तास अशासाठी, की मेमरी हळूहळू भरते. पहिल्या पाच मिनिटांत सगळंच छान दिसतं. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या नोंदीवर, क्लिक करा. खाली दोन आलेख दिसतील, डेडिकेटेड मेमरी आणि शेअर्ड मेमरी. पहिली म्हणजे खळं, दुसरी म्हणजे शेतात राहिलेला माल. डेडिकेटेडची रेघ वरच्या कडेला चिकटली आहे आणि शेअर्डची रेघ गेम खेळता-खेळता वर चढते आहे, असं दिसलं तर समजा खळं कमी पडलं.

भाच्याला हे माझ्या कॉम्प्युटरवर करून दाखवलं. टेक्स्चर सगळ्यात वर ठेवून खेळलो तेव्हा शेअर्डची रेघ पायरी-पायरीने चढत गेली आणि प्रत्येक चढाला चित्र अडकलं. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं, गेम बंद करून पुन्हा उघडला, रेघ आडवी झाली आणि खटके गेले. बाकी एकही सेटिंग हलवली नव्हती.

नुसती डेडिकेटेड मेमरी भरलेली दिसली म्हणून मात्र घाबरू नका. खळं मोठं दिसलं की गेम माल ऐसपैस पसरतो. १६ जीबीच्या कार्डावर १० जीबी वापरणारा गेम ८ जीबीतही नीट चालू शकतो. यूट्यूबवरच्या चाचण्या बघतानाही सरासरी फ्रेमच्या (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्या) आकड्यावर जाऊ नका, त्याच्या शेजारचा '१ टक्का लो' बघा. सगळ्यात वाईट क्षणी गेम किती खाली आपटतो ते त्यात कळतं. मेमरी कमी पडल्याची खूण आधी तिथेच दिसते.

पाचवं काम: फरकाचा भाव

दर आठवड्याला भाव हलतात, म्हणून मी रुपये लिहीत नाही, माप सांगतो. एकाच चिपच्या दोन मापांत फरक लहान कार्डाच्या किमतीच्या साधारण सहाव्या हिश्श्यापर्यंत असेल तर, यादी नुसत्या हलक्या गेमची नसल्यास, डोळे झाकून मोठं घ्या. अमेरिकेत ५०६० टीआय निघालं तेव्हा ३७९ आणि ४२९ डॉलर असा भाव होता, ९०६० एक्सटीचा २९९ आणि ३४९. दोन्हीकडे फरक या मापाच्या आसपासच. याउलट २०२३ साली ४०६० टीआयला ३९९ आणि ४९९ डॉलर लावले होते, म्हणजे मोठ्याला थेट सव्वापट. तिथे विचार करावा लागायचा. आपल्या दुकानात हाच हिशेब रुपयांत मांडा, १८ टक्के जीएसटी धरून आलेल्या भावावर.

मोठ्याकडे माझा कल का, तेही सांगतो. आपल्याकडे कार्ड एकदा घेतलं की पाच-सहा वर्षं चालवायचं असतं. रॅम नंतर वाढवता येते, एसएसडी नंतर टाकता येते, कार्डावरची मेमरी मात्र सोल्डर केलेली असते, ती कधीच वाढत नाही. चिप कमी पडली तर सेटिंग उतरवून, डीएलएसएस किंवा एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करायच्या सोयी) लावून वेळ मारून नेता येते. मेमरी कमी पडली की टेक्स्चरच उतरवावं लागतं, आणि ते डोळ्याला लगेच कळतं.

लॅपटॉप घेणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी हे दुप्पट लक्षात ठेवावं, कारण तिथे कार्डही बदलता येत नाही. ४०५० चा लॅपटॉप ६ जीबीचा, ४०६० आणि ५०६० चे ८ जीबीचे. लॅपटॉपमधलं ५०७० देखील ८ जीबीच देतं. १२ हवी असेल तर ५०७० टीआयपर्यंत जावं लागतं.

घेताना आणि बसवताना

आपल्या भागातल्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत कार्ड तीच हवा ओढतं. १६ जीबीवाल्या कार्डांच्या पाठीमागेही मेमरी असते हे वर आलंच आहे, तिकडे पंखा नसतो. म्हणून समोर जाळी असलेला कॅबिनेट घ्या, मागे एक पंखा हवा बाहेर फेकणारा लावा, महिन्यातून एकदा धूळ झटका. पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका, त्या हवेत ओल असते.

५०६० टीआय १८० वॅटपर्यंत खातं आणि कंपनी ६०० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या पॉवर सप्लायवर असं कार्ड लावू नका. वीज सारखी येते-जाते तिथे यूपीएस हवाच. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसची ताकद साधारण ३६० वॅट, म्हणजे गेम बंद करून कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरती. लाइट गेल्यावर त्याच्यावर खेळत बसू नका.

जुनं कार्ड घेणार असाल तर ते चालू असलेल्या कॉम्प्युटरवर बघूनच घ्या. जीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात चिपचं नाव, मेमरी, बस सगळं दिसतं आणि जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली बरीच बनावट कार्डं ते ओळखून दाखवतं. मग अर्धा तास जड गेम चालवा. स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकोन उमटले तर मेमरी आजारी आहे, भाव कितीही कमी असो, हात जोडा आणि निघा.

नव्या कार्डाचं बिल जीएसटीचंच घ्या. त्यावर सीरियल नंबर आणि '८ जीबी' की '१६ जीबी' हे शब्द लिहून मागा, कारण नाव सारखंच असल्याने नंतर वाद तिथेच होतो. वॉरंटीचं काम कुठे होतं, कार्ड नाशिकला जातं की मुंबईला, आणि कुरिअर कोणी करायचं, हे पैसे देण्याआधी विचारा.

भाच्याचा बोर्ड बी४५० होता, मॉनिटर १०८० चा, आणि यादीत निम्मे गेम कथेचे. फरक सहाव्या हिश्श्याच्या आत बसत होता. ताईला मी फोनवर एवढंच सांगितलं, की आत्ता एवढे जास्त गेले तर कॉलेज संपेपर्यंत पुन्हा मागणार नाही. ती म्हणाली, "मंग ली टाक." संध्याकाळच्या गाडीने १६ जीबीचं खोकं मांडीवर घेऊन तो अमळनेरला गेला. रात्री अकराला त्याचा फोटो आला, जीपीयू-झेडच्या खिडकीचा. बस १२८ बिट, मेमरी १६ जीबी.